'उद्यापासून येऊ नका' हे लेखी मागा

प्रश्न (ओळख पटेल असे तपशील काढून, थोडक्यात): शंभर टक्के अनुदानित माध्यमिक शाळेत मी नऊ वर्षं शिकवते. पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक होते, नंतर कायम झाले. शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता आहे, पगार शालार्थ या सरकारी वेतनप्रणालीतून होतो. रुजू होताना तारीख न टाकलेल्या राजीनाम्यावर सही घेतली होती. पगार झाला की दरमहा आठ हजार रुपये रोख संस्थेच्या क्लार्ककडे द्यावे लागतात. सगळेच देतात. दोन महिन्यांपूर्वी मी नकार दिला. तेव्हापासून मेमोंवर मेमो आणि रजा नामंजूर. गेल्या सोमवारी मुख्याध्यापक म्हणाले, "सचिवसाहेबांचा निरोप आहे, उद्यापासून येऊ नका," आणि मस्टर कपाटात ठेवलं. लेखी काहीच नाही. सचिव म्हणजे अध्यक्षांचे चिरंजीव. ते रात्री-अपरात्री फोन करतात, तोही त्रास आहेच. घरचे म्हणतात मिटवून घे. माझी नोकरी गेली का? पोलिसात जाऊ का?

उत्तर:

नोकरी गेलेली नाही. पण ती टिकवण्याची मुदत मात्र गेल्या सोमवारपासून धावायला लागली आहे, म्हणून आधी तारखेचं बोलू.

महाराष्ट्रातल्या खासगी शाळांमधल्या कर्मचाऱ्यांसाठी 1977 चा सेवाशर्ती कायदा आहे. शिक्षक त्याला 'एमईपीएस' म्हणतात. बडतर्फी, कोणत्याही मार्गाने केलेली सेवासमाप्ती, पदावनती किंवा बढतीत डावललं जाणं, याविरुद्ध त्याच्या कलम 9 खाली शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं, आणि त्याला 30 दिवस मिळतात. हे दिवस आदेश हाती पडल्यापासून मोजायचे असं कलम सांगतं. तुमच्या हाती आदेश पडलेलाच नाही, तेव्हा मुदत सुरूच झाली नाही असा युक्तिवाद करता येईल. उशिराला सबळ कारण असेल तर न्यायाधिकरण तो माफही करू शकतं. तरीही युक्तिवादाच्या भरवशावर राहू नका. सोमवार हाच पहिला दिवस धरा आणि तिसाव्या दिवसाच्या बऱ्याच आधी अपील दाखल होईल अशा बेताने वकील गाठा.

'मिटवून घे' म्हणणाऱ्यांना हेच सांगा. अशा प्रकरणांत कोणीतरी मध्यस्थ हमखास उगवतो. बहुधा निवृत्त मुख्याध्यापक, दोन्हीकडे उठबस असलेला. माणूस वाईट नसतो. पण "दादासाहेब परगावी गेलेत, पुढच्या आठवड्यात बसू" असं म्हणत म्हणत तो महिना काढतो, आणि एकतिसाव्या दिवशी संस्थेची भाषा बदलते. बोलणी करायची तर जरूर करा, अपील दाखल करून करा. अपील मागे घेता येतं. गेलेली तारीख मागे घेता येत नाही.

मी या न्यायाधिकरणापुढे बहुतेक वेळा शिक्षकांच्या बाजूने उभा राहिलो आहे, अधूनमधून संस्थांच्याही. संस्थेच्या बाजूला बसल्यावर एक गोष्ट फार स्पष्ट दिसते. कायम शिक्षकाला काढण्याचा अधिकार संस्थेकडे असतो, पण त्याला पायऱ्या इतक्या आहेत की एखादी महत्त्वाची पायरी चुकली तरी आदेश कोसळतो. आरोपपत्र, खुलासा, चौकशी समिती, साक्षी, अहवाल, ठराव. म्हणून पुष्कळ संस्था कागदावर येतच नाहीत. निरोप पाठवायचा, फोन करायचा, 'साहेबांना भेटून घ्या' म्हणायचं, शिपायाकरवी मस्टर हलवायचं. तोंडी कारभाराला पायऱ्या नसतात आणि अपीलही नसतं, निदान समोरच्याला तसं वाटतं. शिक्षक घाबरून घरी बसतो, आणि तीन महिन्यांनी जाहीर होतं की 'सदर शिक्षिका विनापरवानगी गैरहजर'. तेव्हा या महिन्यात तुमचं काम एकच: त्यांना लिहायला लावायचं, आणि ते लिहीत नसतील तर त्यांनी जे लिहिलं नाही ते तुम्ही तारखेनिशी लिहून ठेवायचं.

म्हणजे नेमकं काय करायचं? उद्या शाळेच्या वेळेत शाळेत जा. मस्टर मागा. दिलं नाही तर वाद घालू नका, कपाटाला हात लावू नका. तसल्या झटापटीतून 'कार्यालयात धिंगाणा' हा पुढचा आरोप तयार होतो. सोबत नेलेल्या कागदावर चार ओळी लिहा: आज अमुक वाजता मी कामावर हजर आहे, मला मस्टरवर सही करू दिली जात नाही, सोमवारी आपण सचिवांचा निरोप म्हणून येऊ नका असं सांगितलंत, तसा लेखी आदेश असल्यास प्रत द्यावी, नसल्यास काम करू द्यावं. कार्यालयात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक मागा. घेत नसतील तर तिथल्या तिथे मोबाइलवरून शाळेच्या ईमेलवर पाठवा, आणि त्याच दिवशी पोस्टाने मुख्याध्यापक, सचिव, अध्यक्ष आणि जिल्हा परिषदेतल्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांना. पोस्टाच्या पावत्या वहीत चिकटवा. आणखी काही दिवस हेच करा. कंटाळवाणं आहे, थोडं अपमानास्पदही आहे, वर्गातली मुलं खिडकीतून बघतात. पण 'गैरहजर' या आरोपाला याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही. सहकाऱ्यांना साक्षीला ओढू नका. त्यांचाही पगार त्याच मुख्याध्यापकाच्या सहीने निघतो. वेळ आली की त्यांतले एक-दोन आपणहून बोलतील.

मुख्याध्यापकांबद्दल तुमच्या पत्रात बराच राग आहे. समजण्यासारखा आहे, पण तो पत्रव्यवहारात उतरू देऊ नका. तेही नोकरच आहेत, त्यांचाही असाच एखादा कागद कोणाच्या कपाटात असू शकतो. उद्या न्यायाधिकरणात शपथेवर 'मी असा निरोप दिलाच नाही' म्हणायचं की 'सचिवांनी सांगितलं म्हणून दिला', हे त्यांना ठरवायचं आहे. त्यांना खोटं बोलणं सोपं जाईल असं काही करू नका.

आता राजीनामा. तुमची सगळ्यात मोठी भीती हीच दिसते. कलम 7 राजीनाम्याची पद्धत सांगतं: कर्मचाऱ्याने राजीनामा दोन प्रतींत तयार करायचा, दोन्हींवर सही करायची, तारीख घालायची, एक प्रत व्यवस्थापनाला रजिस्टर्ड पोस्टाने पाठवायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची. नोकरी सोडण्यासारख्या साध्या गोष्टीला कायदा इतकी कवायत का सांगतो? माझ्या मते कारण उघड आहे. सही करून घेतलेले कोरे राजीनामे ही चाल कायदा होण्याच्या आधीपासूनची आहे. शिवाय 1981 च्या नियमावलीतल्या नियम 40 प्रमाणे कायम कर्मचाऱ्याला तीन महिन्यांची सूचना द्यावी लागते. नऊ वर्षं नोकरी केलेली बाई एका दुपारी राजीनामा देते, त्याच संध्याकाळी कार्यकारिणी बसून तो मंजूर करते आणि दुसऱ्या दिवशी तिला दारातून परत पाठवते, ही गोष्ट न्यायाधीशाच्या गळी उतरवणं कठीण असतं.

तरी तो कागद बाहेर येण्याची वाट बघू नका. आजच एक पत्र पाठवा: रुजू होतेवेळी माझ्याकडून तारीख नसलेल्या राजीनाम्यावर सही घेण्यात आली होती, तो मी स्वेच्छेने दिलेला नाही, माझा राजीनामा देण्याचा कोणताही इरादा नाही, तो कागद रद्द समजावा आणि मला परत करावा. प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना आणि वेतन पथकाच्या (अनुदानित शाळांचे पगार काढणारं सरकारी कार्यालय) अधीक्षकांना. मंजूर होण्याआधी राजीनामा मागे घेता येतो, हे न्यायालयांनी मान्य केलेलं तत्त्व आहे. तुमचं पत्र आधीच्या तारखेने पोचलेलं असेल तर नंतर त्या कागदावर कोणतीही तारीख टाकली तरी ती अडचणीचीच ठरते. मागची तारीख टाकली तर त्यानंतरही तुम्ही वर्ग घेतलेले असतात, पगार घेतलेला असतो. तारखेची शाई आणि हस्ताक्षर वेगळं असेल ते आणखी निराळं. आणि यापुढे 'फक्त फाइलसाठी' म्हणून काहीही पुढे आलं तरी सही करायची नाही. मेमोची पोच देतानासुद्धा सहीखाली तारीख आणि 'फक्त पोच' असं लिहायचं.

तुमचं पत्र वाचताना मला सर्वोच्च न्यायालयाचा 12 ऑगस्ट 2013 चा एक निकाल आठवला. खटला औरंगाबादचा. एका कुटुंबाच्या ताब्यातल्या ट्रस्टची प्राथमिक शाळा. इमारत त्याच कुटुंबातल्या व्यक्तीची, अनुदानातलं भाडं त्यांच्याच घरात जाणारं. 2005 मध्ये महापालिकेने त्या जागेला व्यापारी धरून सुमारे 80 हजारांची करआकारणी केली. मुख्याध्यापिका हीच ट्रस्टची अध्यक्ष. तिने शिक्षकांना पत्र काढलं की या करासाठी प्रत्येकाने दरमहा दीड हजार रुपये द्यावेत. एका शिक्षिकेने नकार दिला. त्यावर तिला 25 मेमो निघाले. नोव्हेंबर 2006 मध्ये तिला निलंबित केलं. शिक्षणाधिकाऱ्यांनी निलंबनाला मान्यता दिली नाही, तरी निर्वाह भत्ता मिळाला नाही. एकतर्फी चौकशी झाली आणि जून 2007 मध्ये सेवासमाप्ती. न्यायाधिकरणाने 2009 मध्ये तो आदेश रद्द करून मागच्या पगारासह परत घ्यायला सांगितलं. उच्च न्यायालयाने मागचा पगार काढून घेतला, सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा दिला. निकाल 2013 च्या एससीसीच्या (सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांची छापील मालिका) दहाव्या खंडात 324 पानावर आहे, वकिलाला एवढं सांगितलं की पुरे.

या निकालातल्या दोन गोष्टी तुमच्या कामाच्या. पहिली मेमोंबद्दल. नऊ वर्षांत किती मेमो मिळाले आणि नकार दिल्यानंतरच्या दोन महिन्यांत किती, याचा तक्ता करा. मेमोंची रास संस्थेला आपला पुरावा वाटते. तारखा लावल्या की तीच रास सूड दाखवते. प्रत्येक मेमोला मुदतीत उत्तर द्या, चार-पाच ओळींत, 'आरोप अमान्य, कारण अमुक' एवढंच. आधीच्या वर्षांचे गोपनीय अहवाल मिळवा. अनुदानित शाळा माहिती अधिकाराखाली येते. दहा रुपयांचं तिकीट, 30 दिवस, नाही मिळालं तर पहिलं अपील. त्याच अर्जात सेवाज्येष्ठता यादी, संचमान्यता (शाळेला मंजूर पदांचा तक्ता) आणि तुमच्या वैयक्तिक मान्यतेच्या आदेशाची प्रत मागा. शाळा टाळाटाळ करते, पण मान्यतेच्या आदेशांसारखे कागद शिक्षणाधिकारी कार्यालयातही असतात, तेव्हा दोन्हीकडे अर्ज करा. दुय्यम सेवापुस्तक तुमच्याजवळ नसेल तर तेही मागा. शिक्षक या पुस्तकाकडे निवृत्तीच्या वर्षीच बघतात, ही सवय वाईट.

दुसरी गोष्ट मागच्या पगाराची. सेवासमाप्ती बेकायदा ठरली की सेवेचं सातत्य आणि मागचा पगार हा सर्वसाधारण नियम, असं त्या निकालाने सांगितलं. पण शिक्षकाने आधी शपथेवर म्हणायला हवं की या काळात मला दुसरी तशी कमाई नव्हती. मग ती होती हे सिद्ध करण्याचं ओझं संस्थेवर येतं. अपिलाच्या मसुद्यात हे वाक्य राहून गेलेले अर्ज मी पाहिले आहेत. तुमच्यात ते असेल असं बघा, आणि दरम्यान शिकवण्या घ्याव्या लागल्या तर हिशेब खरा ठेवा.

पैशांकडे येऊ. पगार बँकेत थेट जमा होऊ लागल्यापासून ही वसुली थांबेल असं काही जणांना वाटत होतं. फक्त रस्ता लांबला. खात्यात जमा, एटीएममधून बाहेर, क्लार्कच्या पिशवीत. या लांबलेल्या रस्त्यावर मात्र खुणा राहतात. तुमचं पासबुक काढा. दर महिन्याला पगारानंतर दोन दिवसांत ठरावीक रक्कम बाहेर पडलेली दिसेल. असाच नमुना आणखी आठ-दहा शिक्षकांच्या खात्यांत दिसला तर तपास अधिकाऱ्याला फार समजावून सांगावं लागत नाही. क्लार्कचे 'उद्या जमा करा' असले मेसेज पुसू नका. तुमचं स्वतःचं कोणाशी झालेलं बोलणं तुम्ही रेकॉर्ड केलं असेल तर मूळ फोन तसाच ठेवा, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि फोन बदलला की प्रश्न सुरू होतात.

'संस्थेचा अध्यक्ष म्हणजे काही सरकारी माणूस नाही, त्याला लाचलुचपतवाले काय करणार' असं तुम्हाला कोणी सांगितल्याचं लिहिलंय. चूक आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या 1988 पासूनच्या व्याख्येत सरकारकडून आर्थिक साहाय्य घेणाऱ्या शैक्षणिक संस्थेचे पदाधिकारी आणि कर्मचारी 'लोकसेवक' धरले आहेत. लाचलुचपत विभागाचे सापळे संस्थाचालकांवर, मुख्याध्यापकांवर, क्लार्कवर लागलेले आहेत. 1064 या क्रमांकावर फोन करा किंवा थेट जिल्ह्याच्या युनिटमध्ये जा. आधी पडताळणी होते: पंचांसमोर, रेकॉर्डर देऊन, समोरचा खरंच पैसे मागतो का ते बघतात. मग पावडर लावलेल्या नोटा आणि सापळा. सापळ्यात गेलेली रक्कम तक्रारदाराला परत मिळते.

तरी तुमच्या बाबतीत सापळा हा पहिला उपाय मी सांगणार नाही. पडताळणीला जिवंत मागणी लागते. त्यांनी तुम्हाला दाराबाहेर काढलं आहे, आता ते मागतीलच असं नाही. उलट, 'पूर्वीचे थकलेले द्या आणि या' असा निरोप आला, आणि तो येण्याची शक्यता बरीच आहे, तर पैसे देण्याआधी त्याच दिवशी लाचलुचपत विभागात जा. 2018 च्या दुरुस्तीपासून लाच देणं हाही गुन्हा आहे. भाग पाडल्यामुळे दिली असेल तर सात दिवसांत कळवणाऱ्याला संरक्षण आहे, आणि आधी कळवून सापळ्यात दिलेले पैसे गुन्हा ठरत नाहीत. जुने हप्ते या सात दिवसांत बसत नाहीत, म्हणून त्यांचं लेखी निवेदन वकिलासमोर बसूनच तयार करा, रागाच्या भरात एखाद्या अर्जात लिहून टाकू नका. ते हप्ते खंडणीच्या चौकटीतही मांडता येतात. भारतीय न्याय संहितेचं कलम 308. नोकरी घालवण्याची भीती घालून काढलेले पैसे म्हणून ते मांडले, तर पैसे देणारी पीडित असते, आरोपी नव्हे. कोणती चौकट घ्यायची हे हातात पुरावा काय आहे त्यावर ठरेल. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर 2022 मध्ये सांगितलं आहे की मागणी आणि स्वीकार सिद्ध व्हायलाच हवेत, पण तक्रारदार फिरला किंवा हयात नसला तरी ते परिस्थितिजन्य पुराव्याने सिद्ध करता येतात. म्हणून पासबुकांचं महत्त्व.

संस्थेला शहाणा सल्लागार मिळाला तर ते तोंडी निरोपावरून माघार घेतील, तुम्हाला कामावर घेतील आणि मग रीतसर निलंबित करतील. त्याची तयारी आत्ताच असू द्या, कारण नुसत्या निलंबनाविरुद्ध कलम 9 खाली अपील नाही. पण नियम 33 ते 37 आहेत. शिक्षणाधिकाऱ्यांच्या पूर्वमान्यतेने निलंबित केलं तर पहिल्या चार महिन्यांचा निर्वाह भत्ता शासनाच्या वेतन योजनेतून मिळतो. मान्यता न घेता केलं तर पहिल्या दिवसापासून तो संस्थेच्या खिशातून. हे कळलं की बऱ्याच सचिवांचा आवेश ओसरतो. परवानगीशिवाय निलंबन चार महिन्यांपलीकडे नेता येत नाही. चौकशी समितीत तिघे असतात: एक संस्थेचा, एक तुम्ही नेमलेला कोणत्याही खासगी शाळेतला कर्मचारी, आणि एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला. चौकशी साधारणपणे 120 दिवसांत संपवायची.

तुमचा माणूस नेमताना नातं बघू नका, हात बघा. ज्याला रोजच्या कामकाजाचं टिपण काढता येतं आणि न पटलेल्या कागदावर 'असहमत' लिहून सही करता येते असा. दुसऱ्या संस्थेतला असावा, जमलं तर दुसऱ्या तालुक्यातला. आणि चौकशीवर बहिष्कार कधीही टाकायचा नाही. 'हे सगळं नाटक आहे, मी जाणार नाही' ही भूमिका बाणेदार वाटते, प्रत्यक्षात ती एकतर्फी अहवालाचं आमंत्रण असते. जा, साक्षीदारांना प्रश्न विचारा, प्रश्न विचारू दिला नाही तर तेवढं लिहून घ्यायला लावा.

शिक्षणाधिकाऱ्यांकडून अपेक्षा बेतानेच ठेवा. तुम्हाला परत कामावर घ्या असा आदेश देण्याचा अधिकार न्यायाधिकरणाचा आहे, त्यांचा नाही. पण तुमच्या जागी नवा माणूस भरला तर त्याच्या मान्यतेचा प्रस्ताव त्यांच्याच टेबलावर येतो, म्हणून माझं अपील प्रलंबित आहे, या पदावर मान्यता देऊ नये, असा अर्ज त्यांच्याकडे वेळेत असला पाहिजे. वेतन पथकालाही तसंच कळवा: माझी सेवा कायदेशीररीत्या संपलेली नाही, पगारबिलातून नाव वगळू नये. नाव वगळायचंच झालं तर मुख्याध्यापकांना काहीतरी कारण लेखी द्यावं लागेल, आणि आपल्याला तेच हवं आहे.

आणखी एक कागद, जो शिक्षक क्वचितच काढतात: धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातलं संस्थेचं परिशिष्ट-1. विश्वस्त कोण याची नोंद तिथे असते. वडील अध्यक्ष आणि मुलगा सचिव अशा घरगुती संस्थांमध्ये चिरंजिवांचं नाव नोंदवण्याचा बदल अर्ज वर्षानुवर्षं पडून असतो किंवा कोणीतरी काका-पुतण्याने त्याला हरकत घेतलेली असते. ज्याच्या निरोपावर तुम्हाला घरी बसवलं, त्याचं नाव नोंदीत आहे का हे पाहून ठेवा. एवढ्याने खटला जिंकता येत नाही, पण उलटतपासणीत सचिवांना ठराव, बैठकीची सूचना आणि इतिवृत्त मागता येतं. असली इतिवृत्तं मागाहून लिहिलेली असली की लगेच कळतं. सगळ्या बैठका एकाच पेनाने लिहिलेल्या असतात.

आमदार, मंत्र्यांचे पीए, वर्तमानपत्र यांच्यामागे पहिल्या महिन्यात वेळ घालवू नका. विधान परिषदेत शिक्षकांचे सात आमदार आहेत आणि संघटनांची माणसं न्यायाधिकरणाच्या तारखेला सोबत आली तर धीर येतो, तेवढा उपयोग जरूर करून घ्या. पण बातमी छापून आल्यावर संस्थाचालकाला माघार घेणं अवघड होतं आणि तो हट्टाला पेटतो, हे मी बऱ्याचदा पाहिलं आहे.

किती दिवस लागतील? कायदा म्हणतो न्यायाधिकरणाने अपील शक्यतो तीन महिन्यांत निकाली काढावं. तीन महिन्यांवर घरखर्चाचं गणित बसवू नका. वर्षं लागतात, आणि जिंकल्यावर संस्था उच्च न्यायालयात जाऊ शकते. औरंगाबादच्या त्या शिक्षिकेला निलंबनापासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत जवळजवळ सात वर्षं लागली. म्हणून अपिलासोबत पहिल्याच दिवशी स्थगितीचा अर्ज हवा. न्यायाधिकरणाला तो अधिकार आहे, आणि तुमच्यासारख्या, लेखी आदेशच नसलेल्या प्रकरणात तो मागायला जागा चांगली आहे. पैसे देऊन परत रुजू व्हायचा विचार मात्र सोडा. एकदा हात आखडलेली बाई परत आली की रक्कम वाढते, आणि या वेळी राजीनाम्याच्या कागदावर तारीख असते.

राहिला सचिवांच्या रात्रीच्या फोनचा मुद्दा. तुम्ही तो एका ओळीत लिहून पुढे गेला आहात, पण फोनवरचं बोलणं शाळेच्या कामाचं नसेल, त्याला लैंगिक रोख असेल, तर ती स्वतंत्र बाब आहे आणि तिचा कायदाही स्वतंत्र आहे, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा, 2013 चा. शाळेत दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती असायलाच हवी. मात्र तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असते तेव्हा ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. सचिव व्यवस्थापनातले, तेव्हा तिकडेच जा. पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे मिळेल. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार करायची, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने वाढवून मिळू शकतात. तक्रारीच्या सहा प्रती लागतात, सोबत कॉलची यादी, मेसेज, आणि त्या काळात तुम्ही कोणाला हे सांगितलं असेल तर त्यांची नावं. ही तक्रार अपिलाच्या मसुद्यात कालवू नका. अपिलात फक्त इतकं यावं की अशी तक्रार अमुक तारखेला केली आहे. दोन्ही एकत्र केल्या की संस्थेचा वकील एकीचा उपयोग दुसरी खोटी ठरवायला करतो, आणि तुमच्या नऊ वर्षांच्या नोकरीचा प्रश्न बाजूला राहून सगळी सुनावणी तुमच्या चारित्र्यावर घसरते.

येत्या सोमवारी वकिलाकडे जाताना नेमणूकपत्र, शिक्षणसेवक आणि कायम अशा दोन्ही मान्यता, सगळे मेमो तारखेप्रमाणे लावून, पासबुकाची नऊ वर्षांची पानं आणि उद्यापासूनच्या पत्रांच्या पोस्टाच्या पावत्या एवढं घेऊन जा. मूळ कागद देऊ नका, झेरॉक्स द्या, वकील ओळखीचा असला तरी.